एका दीर्घिकेची पाठचिकित्सा

सप्तर्षींच्या शेपटाच्या टोकाशी जो मरीची आहे, त्याच्यापासून, हात लांब करून धरलेली दोन बोटे जेमतेम मावतील एवढ्या अंतरावर, शामशबल नावाच्या एका ओसाड तारकासमूहात, जेथे नुसत्या डोळ्यांना काहीएक दिसत नाही, तेथे एक दीर्घिका आहे. पाश्चात्यांनी सतराव्या शतकात या रिकाम्या जागी दोन शिकारी कुत्रे कल्पिले, आणि पुढे आपल्याकडील नामकरण करणाऱ्यांनी त्यांच्या जागी यमाच्या दारचे श्याम आणि शबल हे दोन श्वान आणून बांधले. मात्र या दीर्घिकेचा जो प्रकाश आज आपल्या अंगणात उतरतो, तो अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी तेथून निघाला, तेव्हा यमाची कल्पना करणारा माणूस पृथ्वीवर अवतरायचा होता. सह्याद्रीचा काळा कातळ मात्र तेव्हाही जुनाच होता, कारण त्याचा लाव्हा थिजून त्याही आधी साडेतीन-चार कोटी वर्षे लोटलेली होती.

या दीर्घिकेचे छायाचित्र काढण्याचा नाद मला गेली काही वर्षे लागला आहे. माझी दुर्बीण आठ इंची आरशाची, म्हणजे हौशी मंडळींत मध्यम प्रतीची समजली जाणारी. तिचे नाभ्यंतर एक मीटर. आकाशात या दीर्घिकेची लांबी पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी भरते, आणि माझ्या दुर्बिणीतून कॅमेऱ्याच्या संवेदकावर तिची जी प्रतिमा पडते, ती तीन मिलिमीटरांहून काहीशी मोठी, म्हणजे ज्वारीच्या एका बारीक दाण्याएवढी असते. तो दाणा स्वच्छ वाचता यावा, म्हणून पुण्याहून मोटारीत ओझे भरून दोन तास प्रवास करायचा आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या एका ओळखीच्या घराच्या अंगणात रात्र काढायची, असा हा व्यवहार आहे.

ज्या घरच्या अंगणात मी हा संसार मांडतो, त्या घरच्या मावशींनी पहिल्याच रात्री नेत्रिकेला डोळा लावला. त्यांना दोन पुसट धुरकट ठिपके दिसले, एक थोरला आणि एक धाकटा. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "दादा, एवढं ओझं वाहून आणलंत, ते एवढ्यासाठी?" या प्रश्नाला माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर मावशींनी जे पाहिले त्याहून अधिक काही १७७३ च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये शार्ल मेसियेनेही पाहिले नव्हते. मेसिये हा धूमकेतूंचा पारधी. धूमकेतू शोधताना वाटेत जे धुरकट ठिपके पुनःपुन्हा दगा देत, त्यांची त्याने यादी केली, ती त्यांच्या गौरवासाठी नव्हे तर त्यांना टाळता यावे म्हणून. त्या यादीत ही दीर्घिका ५१ व्या क्रमांकाला रुजू झाली. शेजारचा धाकटा ठिपका १७८१ मध्ये त्याचा स्नेही पियेर मेशँ याने वेगळा ओळखला. ज्या यादीचा हेतू टाळण्याचा, तीच यादी हाती घेऊन आज जगभरचे हौशी लोक रात्री जागवतात, हा त्या थोर पारध्याच्या कीर्तीचा मोठा विनोदी भाग होय.

या ठिपक्याच्या आत काही रचना आहे, हे प्रथम दिसले ते आयर्लंडमधील बर येथील लॉर्ड रॉस यांना, १८४५ साली. त्यांनी आपल्या गढीच्या आवारात ७२ इंची धातूच्या आरशाची जी प्रचंड दुर्बीण उभारली, तिच्यातून पाहताना या तेजोमेघाला पाण्यातल्या भोवऱ्यासारखे वळसे असल्याचे त्यांच्या ध्यानी आले, आणि त्यांनी ते कागदावर हाताने रेखाटले. त्याच वर्षी आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ सुरू झाला, आणि जमीनदार रॉस यांना आकाश सोडून रयतेकडे पाहावे लागले. ज्याला आकाशाचा ध्यास आहे, अशा माणसाने ते केले, याबद्दल मला त्यांच्या आरशाहून अधिक आदर वाटतो. पण रेखाटन ते रेखाटनच. त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्याइतकाच त्याच्या मनाचाही वाटा असतो, आणि रॉस यांच्या चित्राविषयी शंका घेणारे तेव्हाही होते. ही शंका मिटवली ती छायाचित्राने; आणि ते छायाचित्र कोणा सरकारी वेधशाळेतल्या ज्योतिष्याचे नव्हते, तर आयझॅक रॉबर्ट्स नावाच्या, इमारतींच्या ठेकेदारीत पैसा मिळवून तो ताऱ्यांवर उधळणाऱ्या एका हौशी गृहस्थाचे होते. १८८८ च्या अखेरीस त्याने देवयानीतील दीर्घिकेचे, आणि लगेच पुढल्या वर्षी आपल्या या भोवऱ्याचे छायाचित्र घेतले. रॉस यांच्या आरशाचा व्यास ७२ इंच, रॉबर्ट्सच्या आरशाचा अवघा २० इंच. तरीही काचेच्या पट्टीने तासन्‌तास साठवलेला प्रकाश डोळ्याला क्षणभर मिळणाऱ्या प्रकाशावर मात करून गेला.

रॉबर्ट्सची ती दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात तयार झाली होती, आणि हे सांगण्याचे कारण असे की त्याच कारखान्याची २० इंची दुर्बीण त्याच सुमारास पुण्यातही होती. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात जी वेधशाळा उभी राहिली, तिचे प्रमुख प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला आणि १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे वेधांचा तळ ठोकला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बरखास्त झाली, आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. त्या आवारावरून जाताना माझ्या मनात दरवेळी एक निरुपयोगी हिशेब सुरू होतो, की तेव्हाच्या पुण्याच्या काळ्याभोर आकाशाखाली त्या दुर्बिणीमागे एखादी काचपट्टी या भोवऱ्याकडे रोखली गेली असती, तर तिच्यावर काय उमटले असते!

आता या कामाची जी खरी अडचण, तिच्याकडे वळतो. सामान्य समजूत अशी की पैसा दुर्बिणीत जातो. वास्तविक तो जातो दुर्बिणीला वाहून नेणाऱ्या माउंटमध्ये. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत स्वतःभोवती फिरते, त्यामुळे शामशबलाच्या भागातील आकाश माझ्या कॅमेऱ्यापुढून दर सेकंदाला सुमारे तेरा चित्रकणांएवढे सरकते. अडीच मिनिटे झडप उघडी ठेवायची तर माउंटच्या दातेरी चाकांनी पृथ्वीच्या गतीला नेमकी उलटी गती द्यायला हवी, आणि जगातले कोणतेही दातेरी चाक इतके निर्दोष नसते. म्हणून मुख्य दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण मुकादमासारखी बसवतात. ती एका ताऱ्यावर नजर ठेवून दर दोन-तीन सेकंदांनी संगणकाला हजेरी देते, आणि तारा केसभर हलला की मोटारीला हुकूम सुटतो. रॉबर्ट्सच्या काळी हे मुकादमाचे काम माणूस करीत असे, कडाक्याच्या थंडीत, डोळा नेत्रिकेला आणि हात चक्रीला लावून.

परंतु या साऱ्या यंत्रणेचा आस मुळात आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला असला पाहिजे, आणि येथे आपल्या अक्षांशाचा एक खास त्रास आहे. युरोपातल्या हौशी माणसाला ध्रुवतारा माथ्याच्या बाजूला उंच दिसतो; पुण्याला तो क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, म्हणजे नेमका धूर, धूळ आणि गावांच्या उजेडाच्या थरात बुडालेला. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरात वणवे लागलेले असले की कित्येक रात्री तो दिसतच नाही. शिवाय अढळपदाची कीर्ती मिरवणारा हा तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून चंद्राच्या व्यासाहूनही किंचित दूर आहे, आणि दिवसातून एकदा त्या बिंदूभोवती छोटीशी प्रदक्षिणा घालतो. त्याची ही चाल हिशेबात धरली नाही, तर पुढच्या सगळ्या चित्रांत तारे दाण्यांऐवजी शेवया होऊन उमटतात. मला हे पहिल्या हंगामात रात्रभर जागून सकाळी कळले.

माउंट जुळला, आरसे एकमेकांसमोर नीट आले, पावेल बाख्तिनोव नावाच्या रशियन हौशी माणसाने सुचवलेली कातरलेली जाळी दुर्बिणीच्या तोंडावर ठेवून तिच्या किरणरेषांवरून नाभीयन साधले, की मग छायाचित्रे सुरू होतात. 'छायाचित्रे' हे बहुवचन मी जाणूनबुजून योजतो, कारण दीर्घिकेचे एक छायाचित्र अशी वस्तू या धंद्यात नाही. एकाच वेळी सहा तास झडप उघडी ठेवली, तर आकाशाचा स्वतःचा उजेड सर्व काही गिळून टाकील, आणि मधेच एखाद्या मोटारीचा दिवा अंगणावरून फिरला तर सहाही तास वाया जातील. म्हणून अडीच-अडीच मिनिटांची शेकडो चित्रे घ्यायची. गेल्या हंगामात तीन रात्रींत मी १७० चित्रे घेतली. वारा, पातळ ढग आणि उशिरा घरी परतणाऱ्या एका ट्रॅक्टरचा दिवा यांना २६ गेली, १४४ उरली. यांतले कोणतेही एक चित्र मावशींना दाखवले असते, तर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला असता: खरखरीत राखाडी पडद्यावर भोवऱ्याचा नुसता संशय.

या १४४ संशयांतून एक निश्चय कसा निघतो, हे समजावून सांगताना मला यंत्रशास्त्रापेक्षा भांडारकर संस्थेची आठवण होते. महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करण्याचे जे कार्य पुण्यात १९१९ पासून चालले आणि १९६६ मध्ये पुरे झाले, त्यासाठी बाराशेंहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. त्यांतली एकही पोथी निर्दोष नव्हती. कोणा लेखकाची ओळ गळली, कोणाच्या हातून अक्षर फिरले, कोणी आपल्या पदरचे दोन श्लोक घातले. परंतु चुकीचा स्वभाव असा की प्रत्येक लेखक आपापल्या जागी चुकतो, आणि मूळ पाठ मात्र सर्वत्र एकच असतो. पोथ्या शेजारी शेजारी मांडल्या की चुका विखुरतात आणि पाठ जमत जातो. अर्थात सुकथनकरांसारख्या संपादकाने पोथ्यांची मते नुसती मोजली नाहीत, तर त्यांच्या वंशावळी लावून साक्षींचे वजन ठरवले. आमच्या संगणकाला एवढी विद्वत्ता लागत नाही, कारण माझी १४४ चित्रे एकमेकांवरून नकललेली नसून प्रत्येक थेट मूळ आकाशावरूनच उतरवलेले आहे. प्रत्येक चित्रातला खरखरीतपणा वेगळा आणि दैवाधीन. दीर्घिकेची भुजा मात्र प्रत्येकात त्याच जागी. चित्रे एकावर एक रचून सरासरी काढली, की दीर्घिका टिकते आणि खरखर चित्रसंख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात विरळ होते: १४४ चित्रांना बारा पट. मधूनच आडवी रेघ ओढून जाणारा कृत्रिम उपग्रह हा तर उघड प्रक्षिप्त श्लोक. तो एकाच पोथीत सापडतो आणि इतर १४३ त्याच्याविरुद्ध साक्ष देतात, त्यामुळे तो गाळायला संगणकाला क्षणाचाही विलंब लागत नाही.

पोथ्यांना जशा कसरी लागतात, तसे कॅमेऱ्याचेही काही दोष प्रत्येक प्रतीत एकाच जागी उमटतात, आणि ते सरासरीने जात नाहीत. संवेदक तापला की अंधारातही उजेडाची खोटी नोंद करतो. दर सहा-सात अंशांना ही खोटी नोंद दुप्पट होते, आणि आपल्याकडे एप्रिलच्या रात्री उबदारच असतात. म्हणून कॅमेरा विजेवर थंड करतात, आणि शिवाय दुर्बिणीला टोपण घालून तेवढ्याच वेळाची निव्वळ काळोखाची चित्रे घेऊन ती मूळ चित्रांतून वजा करतात. दुसरा दोष धुळीचा. संवेदकापुढील काचेवर बसलेला कण चित्रात करड्या कड्यासारखा दिसतो. त्यावरचा उपाय असा की पहाटे आकाश उजळू लागले म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून बांधायचे आणि त्या सपाट उजेडाचे चित्र घेऊन मूळ चित्रांना त्याने भागायचे. माझ्यापाशी या कामासाठी एक धुवट पंचा आहे. लाखाच्या घरातल्या सामानात तोच एक अद्याप बिघडलेला नाही.

एवढे सारे करूनही ज्याच्यापुढे इलाज चालत नाही, तो शत्रू म्हणजे उजेड. भोवऱ्याच्या बाहेरच्या भुजांचे तेज निर्मळ रात्रीच्या आकाशाच्या स्वतःच्या तेजाएवढेच किंवा त्याहून कमी असते. शहरातले आकाश निर्मळ आकाशाहून तेजस्वितेच्या तीन प्रतींनी उजळ धरले, तर ते सुमारे सोळा पट उजळ ठरते. म्हणजे अंगणात एका तासात जे साधते, त्याला पुण्यातल्या गच्चीवर सोळा तास पाहिजेत. आता अंगणेही सुरक्षित राहिलेली नाहीत. या दीर्घिकेचा हंगाम फाल्गुन-चैत्र-वैशाखाचा, मध्यरात्री ती उत्तरेला साठ अंशांवर चढते तेव्हाचा, आणि नेमकी तीच लग्नसराई. गेल्या वर्षी वेशीवरच्या माळावर मांडव पडला, आणि दिव्यांचे असे झोत आभाळात फिरू लागले की सप्तर्षीही फिके पडले. विवाहविधीत वधूला ध्रुव आणि अरुंधती दाखवण्याची चाल आहे. त्या रात्री भटजींनी बोट दाखवले असेल तेथे त्या बिचारीला काय दिसले असेल, याची मला खरोखर चिंता वाटली. पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाला २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही आनंदाची वार्ता खरी; पण अंधारासाठी वाघाच्या आश्रयाला जावे लागावे, ही काही सुखाची गोष्ट नव्हे.

चित्रांचा ताळेबंद जमला, खोटे उजेड वजा झाले, तेज ताणून वर आणले, की पडद्यावर जे उमटते ते पाहताना मात्र सगळ्या जागरणांचा विसर पडतो. थोरल्या दीर्घिकेच्या दोन भुजा उलगडतात, त्यांच्या आतल्या कडेने धुळीच्या काळ्या शिरा धावतात, आणि भुजांवर जागोजागी गुलाबी टिपके दिसतात. ते नवे तारे जन्मत असलेले हायड्रोजनचे मेघ. एक भुजा धाकट्या सोबत्याच्या पुढून गेलेली असते, आणि तिची धूळ त्याच्या पिवळट तेजावर सावलीसारखी पडते. यावरूनच कळते की धाकटा मागे आहे. या दोघांच्या गुरुत्वाच्या ओढाताणीतून भोवऱ्याच्या भुजा अशा लांबल्या आणि अवतीभवती ताऱ्यांचे पदर सुटले, हे तूम्र बंधूंनी १९७२ मध्ये संगणकावर गणित मांडून दाखवले. १९९४, २००५ आणि २०११ अशा तीन वर्षी या भोवऱ्यात अतिनवतारे प्रकटले, आणि ते प्रथम ध्यानात आणून देण्यात हौशी निरीक्षकांचा वाटा होता.

येथवर आल्यावर माणसाला मोह पडतो. कृत्रिम बुद्धीवर चालणाऱ्या काही आज्ञावल्या आता अशा निघाल्या आहेत की ओबडधोबड चित्र त्यांच्या हवाली केले, तर त्या त्यात धारदार तंतू आणि कोरीव गाठी भरून देतात. त्या तंतूंपैकी कोणते दीर्घिकेचे आणि कोणते आज्ञावलीने दुसऱ्या हजारो चित्रांवरून शिकलेल्या सवयीचे, हे चित्र पाहून सांगता येत नाही. पोथीत आधार नसताना संपादकाने स्वतः रचलेला श्लोक कितीही रसाळ असो, तो व्यासांच्या नावावर खपवणे ही लबाडी होय, आणि मला या बाबतीत जुन्या शास्त्र्यांचा कडवेपणाच बरा वाटतो. आधार हवा असेल तर आणखी पोथ्या गोळा कराव्यात. हजारो लोकांनी हजारो वेळा टिपलेल्या देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ऑक्सिजनच्या निळसर प्रकाशाची एक मोठी कमान आहे, हे २०२३ मध्ये जाहीर झाले ते तीन हौशी माणसांच्या चिकाटीने: मार्सेल ड्रेक्सलर, झाव्हिए स्ट्रॉटनर आणि यान सेंती. त्यांनी ती शोधली शंभराहून अधिक तासांच्या चित्रणातून. ज्या ग्रंथाचे पारायण सर्वांनी केले, त्यातला एक अध्याय असा कोणाच्याच वाचनात आला नव्हता.

माझ्या चित्रात धाकट्या सोबत्याच्या उत्तरेला एक अतिशय फिकट पदर आहे. मोठ्या दुर्बिणींच्या चित्रांत त्या बाजूला ताऱ्यांचे असे पसरट फराटे निश्चित दिसतात; पण माझ्या सहा तासांच्या चित्रातला हा पदर त्यांचाच, की त्या माळावरच्या मांडवाचा उरलेला उजेड, हे मला सांगता येत नाही. भांडारकर संस्थेच्या आवृत्तीत ज्या पाठाविषयी संपादकांची पुरती खात्री नव्हती, त्याखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली आहे. छायाचित्रात तशी रेघ ओढण्याची सोय नाही, म्हणून मावशींना छापील प्रत दिली तेव्हा मी त्या जागी पेन्सिलीने एक नागमोडी रेघ ओढली. त्यांनी चित्र चुलीपासून लांबच्या भिंतीवर लावले आहे. दुर्बिणीचा आरसा बुरशीच्या भयाने कोरड्या डब्यात बंद झाला आहे, आणि फाल्गुनापर्यंत त्याला बाहेर काढण्याचे कारण नाही.